फ्रोमेटबाईंचं शालेट आणि डॉक्टरांचा काटा

जर्मनीतल्या किसिंगेनला हवापालटाला आलेले लोक झऱ्याचं खारट पाणी तोंड वाकडं करून पितात, आणि मग तेच तोंड सरळ करायला फ्रोमेट आडलरच्या स्वयंपाकघरापाशी घुटमळतात. बाई काडीएवढी, जीभ मात्र वीतभर. नवरा गेल्यावर ती इथल्या एका यहुदी मालकाच्या आरोग्यगृहात स्वयंपाकाला आली, त्याला बावीस वर्षं झाली. दर शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या कामबंदीच्या शनिवारी, दुपारी तिचं शालेट टेबलावर यायचंच. सफरचंद, बेदाणे, पाव, हंसाची चरबी, शुक्रवारपासून मंद चुलीवर मुरलेलं.

१९११च्या उन्हाळ्यात तिथे नवे डॉक्टर आले, लिलिएनफेल्ड. तरुण, चष्मा मोठा, भूक बेताची. त्यांनी फ्यूर्ट गावाहून आलेल्या जाडजूड पाहुण्याकडे, हेर्त्सशेठ लोवेनबेर्गकडे, बोट दाखवलं.

"हे इथे बारीक व्हायला आलेत. तीन आठवडे झाले, काटा हलत नाही. दोष तुमच्या शालेटचा."

"काटा सोडा, शेठ तरी कुठे हलतात?" फ्रोमेट म्हणाली. "तीनशे पावलांवरच्या झऱ्याला बग्गीतून जातात. घोडा बघा किती बारीक झालाय."

"शुक्रवारी वजन करू, रविवारी सकाळी पुन्हा. शब्बाथला वजन करता येत नाही म्हणून मधला दिवस सोडतो. काटा वर गेला, तर शालेट कायमचं बंद."

 शालेट गेलं तर मग बाईनं रांधायचं काय, उकडलेली गाजरं?

पण शब्बाथला काटा चालत नाही, तशी बग्गीही चालत नाही. प्रार्थना आटोपून शेठ पायी आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात.

"झालं का हो, फ्रोमेटबाई?"

"अजून वास तरी कुठे सुटलाय? बागेला एक फेरी मारून या."

वास पार झऱ्यापर्यंत पोचला होता. शेठ फेरी मारून आले.

"आता?"

"बेदाणे अजून लाजतायत. आणखी एक."

"अहो, माझे गुडघे..."

"गुडघ्यांना सांगा, कडेचा खरपूस तुकडा तुमचा."

अशा पाच फेऱ्या झाल्या. मग शेठ ताटावर तुटून पडले. दोनदा वाढून घेतलं आणि खुर्चीतच घोरले.

रविवारी काटा पाऊण किलो खाली. डॉक्टरांनी त्याला टिचकी मारली, शेठना उतरवून पुन्हा चढवलं. आकडा तोच.

"काटा तुमचाच आहे, डॉक्टर," फ्रोमेट गोड आवाजात म्हणाली. "लिहून द्या."

डॉक्टरांनी हसू दाबत औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं: शब्बाथला बागेच्या पाच फेऱ्या, नंतर शालेट एक चमचा.

फ्रोमेटनं चिठ्ठी चुलीमागच्या भिंतीवर डकवली. चमचा केवढा, ते लिहायचं राहिलंच होतं. तिनं खुंटीवरची सगळ्यात मोठी पळी काढली.