काकांची मोटार आणि धक्क्याचा मान

स्वतःची मोटार असून ग्वाल्हेरच्या अख्ख्या लश्कर भागात सगळ्यांत जास्त पायी चाललेला गृहस्थ कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून दौलतगंजातल्या आमच्या शेजारच्या काकांकडे बोट दाखवीन. ती विलायती मोटार त्यांनी बाड्याच्या चौकाजवळच्या एजन्सीतून नवी कोरी घेतली, पेढे वाटून. तेव्हापासून ती आमच्या गल्लीत कमी आणि एजन्सीत जास्त राहिली. ब्रेकसाठी दिली की हॉर्न घालवून यायची, हॉर्नसाठी दिली की दिवे. मॅनेजर दर वेळी छातीवर हात ठेवून म्हणायचा, "साहब, अब मक्खन चलेगी." आणि ते मक्खन बाड्याचं वळण घेईपर्यंत थिजलेलं असायचं!

त्यात संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. काका सचिवालयात, तेव्हा बिऱ्हाडाबरोबर मोटारही सहा-सहा महिन्यांनी निघायची, बहुतेक वेळा मालगाडीवर चढून. इंदूरची एजन्सी म्हणे, ग्वाल्हेरवाल्यांनी बिघडवली. इथला मॅनेजर म्हणे, "ये तो इंदौरवालों ने खोली है, साहब." मी एकदा चिडून म्हटलं, "काका, द्या ना त्याच्या एक ठेवून!" तर शांतपणे म्हणाले, "तो अदबीनं खोटं बोलतो आहे. आपणही अदबीनंच ऐकावं." अदब म्हणे! माझं डोकं फिरायचं.

पण काकांचा पिंडच तो. दरबारात कोणता सरदार कुठे बसणार, हे ठरवणाऱ्या कचेरीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. दरबार संपला आणि काकांनी तो सगळा कायदा मोटारीच्या धक्क्याला लावला. ती घरी असली की रोज सकाळी सगळी गल्ली धक्का द्यायला जमायची. उजवं मडगार्ड समोरच्या निवृत्त सुभेदारांचं, डावं माझ्या वडिलांचं. मी नुकताच मास्तर झालेला, म्हणून मागे स्टेपनीपाशी. एकदा वडिलांनी चुकून उजवीकडे हात टेकला. सुभेदार गुरगुरले, "हमारी जगह है, पंत!" काका स्टिअरिंग सोडून खाली उतरले, दोघांची समजूत घातली, पानं दिली आणि त्या दिवशी कचेरीत तासभर उशिरा, चालत पोचले.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली नि राजधानी भोपाळला गेली. सोमवारी हजर व्हा, असा हुकूम आला. उशीर झाला तर इतक्या वर्षांची ज्येष्ठता गेली, हातातली बढतीही गेली. काकूंनी रेल्वेचा धोशा लावला. काका हटून बसले, "या मोटारीला सगळं लश्कर हसलं. आता जाईन तर तिच्यातूनच." तीन आठवडे ती एजन्सीत होती. शुक्रवारी संध्याकाळी आली. "मक्खन," मॅनेजर म्हणाला.

शनिवारी सकाळी सगळे आपापल्या जागी उभे राहिलो. ठरलं असं होतं की कोपऱ्यापर्यंत ढकलायची, तिथे काका-काकूंनी उतरायचं, थोरांच्या पाया पडायचं, आईनं काकूंची ओटी भरायची आणि लाडवांचा डबा द्यायचा. काकांनी सेल्फ दाबला आणि मोटार चक्क सुरू झाली! आमच्या हाताखालून निघूनच गेली. काकांनी घाबरून खिडकीतून डोकं काढलं, "थांबवू शकत नाही रे! बंद होऊन जाईल!" काकू मागे वळून हात जोडत होत्या, हसत होत्या आणि रडत होत्या. मी डबा घेऊन कोपऱ्यापर्यंत धावलो. सुभेदारांचा हात अजून हवेतच होता.

आठवड्यानं कार्ड आलं. 'सोमवारी वेळेवर हजर झालो. सर्वांची भेट राहून गेली, क्षमा असावी.' बढती मिळाली आणि काका तिकडचेच झाले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण इतकी वर्षं जी सुरू व्हावी म्हणून मी देवाला नारळ बोललो, ती मोटार त्या सकाळी पाचच मिनिटं बंद पडायला हवी होती, असं मला अजून वाटतं.