कपाटामागचा रंग

रंगाच्या दुकानात तिला सगळे छटाबाई म्हणत. हे नाव कोणी ठेवले याबद्दल दोन मते आहेत: दुकानमालक म्हणतो त्याने, नणंद म्हणते तिने. पुरावा दोघांकडेही नाही, म्हणून दोन्ही मते नोंदवून पुढे जाते.

तिचे काम जुळवणीचे. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणी आणि छटाबाई पांढऱ्या रंगात थेंबाथेंबाने दुसरे रंग मिसळून त्या पोपड्याची छटा तयार करी. पुठ्ठ्यावर एक फटकारा ओढायचा, तो वाळू द्यायचा, मग पोपडा त्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचा. पोपडा दिसेनासा झाला, की रंग जुळला. ओल्या रंगावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. "ओला रंग खोटं बोलतो. बसा, चहा घ्या," असे ती घाईतल्या माणसाला सांगे.

प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असे. "तुकडा कुठला आणलात? उन्हातल्या भिंतीचा, की कपाटामागचा?"

बहुतेक जण कपाटामागचाच आणत, कारण तिथे खरवडलेले कोणाला दिसत नाही. पण कपाटामागचा रंग भिंत नवी होती तेव्हाचा. उरलेली भिंत उन्हाने केव्हाच बदललेली. त्या तुकड्याशी तंतोतंत जुळवून दिले, तर भिंतीवर ठिगळ दिसते आणि शिव्या दुकानाला बसतात.

अशी ही बाई खिडकीपाशी बसत होती. मग तिचे टेबल सरकू लागले. आधी फळीच्या आडोशाला, मग ब्रशांच्या रॅकमागे, आणि शेवटी थेट थिनरच्या पिंपांपाशी, जिथे उजेडही जपून येई. मालकाने विचारले, "बाई, टेबलाला पाय फुटलेत का?" ती म्हणाली, "खिडकीशी डोळे दिपतात." उजेडावर पोट असलेल्या बाईने दिलेले हे कारण मालकाला पटले नाही, पण त्याहून बरे त्याला सुचलेही नाही.

खरे कारण तिने आमच्या दवाखान्यात सांगितले. डॉक्टरीणबाई तिला तपासत होत्या. मी नमुना-संग्रहाची व्यवस्था पाहते, म्हणून बाजूला उभी होते.

"वास येतो," छटाबाई छताकडे बघत म्हणाली. "म्हणजे मला तरी येतो. थिनरजवळ बसलं की कोणाला कळत नाही."

"किती दिवस झाले?"

"दिवस कसले, वर्षं. तुमच्या गोळ्या घेतल्या की जातं, संपल्या की परत येतं. आता तर हक्कानं येतं."

डॉक्टरीणबाईंनी समजावले. योनीमार्गात चांगले जिवाणू असतात, ते आम्ल तयार करतात आणि उपद्रवी मंडळींना बाहेर ठेवतात. वारंवार घेतलेल्या औषधांत तिचे हे राखणदार बरेचसे गेले होते. बाजारातल्या प्रोबायोटिक कॅप्सूल तिने घेतल्या होत्या, पण त्यांतले जिवाणू चार दिवस राहून निघून गेले. म्हणून इथे एक अभ्यास चालू होता: बाईच्या नैसर्गिक जिवाणूंशी जवळचे नाते असलेले जिवाणू संग्रहातून निवडायचे आणि ते मुक्काम करतात का, ते पाहायचे. "खात्री कसलीही देत नाही," डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावले.

"म्हणजे जुळवणीच की!" छटाबाई उठून बसली. "मग हे आधी का नाही सांगितलंत? इतकी वर्षं थिनरजवळ बसले ना मी!"

"पण जुळवायला तुमचे मूळचे फारच थोडे उरलेत."

यावर तिला आठवले, की मुलीच्या वेळी गरोदर असताना याच दवाखान्यात कुठल्याशा पाहणीसाठी तिचा नमुना घेतला होता. मुलगी आता कॉलेजात होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हातमोजे घालून शोध घेतला, आणि तळाच्या खणात, बर्फाने माखलेली, तिची कुपी सापडली. आतले जिवाणू जिवंत निघाले. ही बातमी कळल्यावर ती रडली. तिचे स्वतःचेच परत मिळणार होते! आता टेबल खिडकीशी नेता येईल, असे तिने त्याच क्षणी ठरवून टाकले.

ते निकडीचेही झाले होते. पिंपांजवळच्या अंधारात जुळवलेला मोतिया रंग एका बँकेच्या भिंतीवर हिरवट निघाला होता, आणि मालकाने शेवटचे सांगितले होते, "वर्षअखेरीपर्यंत खिडकीशी बसा, नाहीतर जुळवणीचं यंत्र आणतो. यंत्राला थिनरचा लळा नसतो."

तथापि कुपी संग्रहाबाहेर काढायला समितीची परवानगी लागे. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि जिवाणूंचा प्रश्न त्यांच्यासमोर प्रथमच आला होता.

"हे जीव इतकी वर्षं संस्थेत राहिले," ते म्हणाले. "तेव्हा ते संस्थेचे रहिवासी, की बाईंचे?"

"ते गोठलेले होते, साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गोठलेला माणूसही राहतोच कुठेतरी." त्यांनी चष्मा पुसला. "दुसरं. नमुना देणाऱ्या बाई आणि आज अर्ज करणाऱ्या बाई एकच, हे कशावरून? इतक्या वर्षांत माणूस बदलतो."

समितीत हशा पिकला. तरीही साक्षीदार मागितला गेला, आणि त्या वेळी छटाबाईबरोबर दवाखान्यात आलेली एकच व्यक्ती हयात आणि उपलब्ध होती: तिची थोरली नणंद. ज्या बाईपासून ही गोष्ट सर्वांत जास्त लपवायची म्हणून छटाबाईने आयुष्याचा एवढा भाग थिनरमध्ये काढला, तिलाच सभागृहात बोलावून सगळे प्रकरण वाचून दाखवण्यात आले.

नणंदेने शांतपणे ऐकून घेतले. "हीच ती. मीच आणलं होतं हिला. बाकावर बसून कंबर मोडली माझी, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही." मग भावजयीकडे वळून, "एवढ्यासाठी माझ्याशेजारी बसत नव्हतीस होय? मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"वन्सं, इथे नको," छटाबाई पुटपुटली.

"आणि साहेब, हिचे नाही चालले तर माझे घ्या. आमच्या घरात कशाची कमतरता नाही."

अध्यक्षांनी हे उद्गार कामकाजातून वगळण्यास सांगितले आणि कुपी मंजूर केली.

प्रयोगशाळेत जिवाणू वाढवले, कॅप्सूलमध्ये भरले, ठरल्याप्रमाणे दिले. पहिला आठवडा उत्तम गेला. छटाबाईने टेबल ब्रशांच्या रॅकपर्यंत पुढे आणले. दुसऱ्या आठवड्यात ते फळीपर्यंत आले. मग तपासणीत दिसले, की तिचे स्वतःचे, अस्सल, नात्यात काडीइतकाही फरक नसलेले जिवाणू निघून गेले होते. टेबल पुन्हा पिंपांपाशी गेले.

"अहो, माझेच ना ते?" ती चिडून म्हणाली. "मग माझ्याकडेच राहायला काय झालं त्यांना?"

"तुम्ही तेव्हा गरोदर होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पाळी जायला आलीय. शरीर त्यांना तेव्हा जे खायला घालायचं, ते आता तितकं तयार होत नाही. जुळणी तेव्हाच्या तुमच्याशी झाली. राहायचं होतं आताच्या तुमच्याकडे."

 छटाबाईने कपाळावर हात मारला, इतक्या जोरात, की नर्स डोकावली.

"कपाटामागचा तुकडा!" ती म्हणाली. "जन्मभर लोकांना विचारत आले, आणि स्वतःचा आणला तो कपाटामागचा!"

न्यायाधीशांचा हसण्यावारी नेलेला आक्षेप अशा रीतीने योग्य ठरला. मी त्यांना तसे कळवले. त्यांनी आनंद व्यक्त केला, पण आपण नक्की काय म्हणालो होतो ते त्यांना आठवत नव्हते.

यानंतर जुळवणी उन्हातल्या तुकड्यावरून झाली. तिच्याकडे आज जे थोडे जिवाणू टिकून होते, तेच चिवटपणे वाढवले गेले, आणि त्यांना सर्वांत जवळचा नमुना तिच्याच वयाच्या एका स्वयंसेविकेचा निघाला. सोबत डॉक्टरीणबाईंनी योनीच्या अस्तराला बळ देणारे मलमही सुरू केले. त्यामुळे यशाचे श्रेय कोणाला किती, हे मी सांगू शकत नाही आणि कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. एवढे खरे, की या वेळी मंडळी राहिली. पुढच्या तपासणीतही होती, त्यानंतरच्याही.

स्वयंसेविकेचे नाव गुप्त ठेवण्याचा नियम आहे. त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नव्हता: छटाबाई आपल्या वयाच्या प्रत्येक बाईशी अदबीने वागू लागली. काय सांगावे, हीच असेल. रंग घ्यायला आलेल्या बायकांना ती आतली खुर्ची देई, दारापर्यंत सोडायला जाई. रस्त्यात एका अनोळखी बाईची जड पिशवी तिने दोन चौक वाहून नेली. मालकाला वाटले, यंत्राच्या भीतीने बाई सुधारल्या.

आणि नणंदेनेही नमुना दिला होता. समितीतून निघून ती सरळ आमच्या दवाखान्याच्या खिडकीवर आली होती.

वर्षअखेरीच्या सुमारास ती दुकानात आली, तेव्हा टेबल खिडकीला टेकलेले होते. "स्वयंपाकघराचा रंग जुळवून दे," असे म्हणून तिने पुडी पुढे केली.

"बसा ना, वन्सं. चहा मागवू?"

"बघ, कशी गोड बोलतेस! माझेच असणार ते. म्हणून इतके टिकले."

"कोणाचे ते सांगत नाहीत."

"सांगायला कशाला हवं? हट्टी आहेत, एकदा बसले की हलत नाहीत. आमच्याकडचेच."

कोणाचे ते मला ठाऊक आहे. पण नियम आहे.

छटाबाईने पुडी उघडली, पोपडा उजेडात धरला आणि नेहमीचा प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात नणंदेने खुर्ची ओढली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून, अगदी चिकटून बसली.

छटाबाईने श्वास रोखला. मग सोडला.

"अंग चोरू नकोस," नणंद म्हणाली. "रंग बघ. कपाटामागचाच आहे, ओरडू नको. पुढचा खरवडला असता तर आमच्या ह्यांनी मला घराबाहेर काढलं असतं."