खरखर काढल्यावर उरलेलं गाणं

मंडळी, दुपारपासून गिटारला हात लावावासा वाटत नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

आमचा सांगलीतला रॉक बँड तुम्हाला माहीत आहेच. बेलबॉटम, लांब केस, पन्नास वर्षांपूर्वीच्या विलायती बँडचा आवाज. नवं गाणंही जुन्या रेकॉर्डसारखं वाटावं म्हणून आम्ही त्यात मुद्दाम खरखर घालतो.

शनिवारच्या कार्यक्रमाआधी स्पीकरवर लावायला आज असंच एक गाणं उंब्रजच्या तानाजीकाकांकडे दिलं. काका जत्रेत, लग्नात साउंड लावतात. तासाभरानं खुशीत म्हणाले, "रेकॉर्डिंग लय खराब हुतं रं. सगळी खरखर काढली बघ."

मी कपाळाला हात लावला. "आवं काका, ती आमीच घातली हुती!"

"व्हय?" काकांनी गाणं परत लावलं, शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी सरळपणे विचारलं, "मग ह्यात तुमचं काय हाय, गड्या?"

मी मोजायला लागलो. चाल दुसऱ्यांची, ठेका दुसऱ्यांचा. गाण्यात बर्फ पडतो, आणि मी बर्फ पाहिलाय तो फक्त उसाच्या रसात.

नऊ वर्षं हेच केलं. आमची म्हणावी अशी एक खरखर होती, तीही आज गेली. शनिवारी स्टेजवर जाऊन काय वाजवू, सांगता का कुणी?