पत्रिकेवरचा आईचा फोटो

मानोऱ्याच्या मामेभावाचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. फोन आईनेच उचलला. पलीकडून तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "आत्या गेली अन् आमाले कोनी कळवलं बी नाई?" आईने विचारलं, "कोनती आत्या?" त्यावर पलीकडे फोनच हातातून पडल्याचा आवाज आला, असं आई सांगते.

झालं होतं असं, की त्याच्याकडे शेजारच्या मळेवाल्याच्या मुलीची लग्नपत्रिका आली होती. आमच्याकडे पत्रिकेवर गणपतीच्या खाली घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो छापतात आणि 'यांच्या कृपाशीर्वादाने' असं लिहितात. त्या पत्रिकेवर नवरीच्या स्वर्गवासी आईच्या जागी माझी आई होती. इथे जऊळक्यात, आमच्या घरी, चहा पिऊन तुरीच्या शेंगा सोलत बसलेली माझी आई.

पत्रिका मोबाइलवर आली आणि मी फोटो लगेच ओळखला. वडिलांनी काढलेला. मीटरगेजच्या काळातलं आमचं स्टेशन, आणि बाकावर माहेरी निघालेली आई, डोक्यावरून पदर, ऐन तरुणपणातली. निवृत्तीनंतर मला जुन्या स्टेशनांचा नाद लागला आहे. म्हणून तो फोटो मी इंटरनेटवरच्या एका सामायिक संग्रहात टाकला होता. तिथे कोणीही फोटो ठेवतो आणि कोणीही घेतो. पण तिथली स्वयंसेवक मंडळी भारी चिकित्सक. फोटो कोणी काढला, तो माणूस हयात आहे का, नसेल तर वारस कोण, सगळं विचारतात. बरोबरच आहे. लोकांना वाटतं, पिवळा पडला की फोटो साऱ्या गावाचा झाला. तसं नसतं. वडिलांच्या मागे हक्क आईचा आणि माझा, म्हणून मी तिला रीतसर विचारलं होतं. तिला ते काही पटलं नव्हतं.

"फोटोत मी, अन् हक्क तुह्या बाबाचा? मंग माहं तोंड कोनाचं?"

मी म्हणालो, तोंड तुझंच, पण कायदा बटण दाबणाऱ्याच्या बाजूचा. "टाक मंग," ती म्हणाली, "स्टेशनाचाच हाय ना." कोणीही वापरावा, कापावा, छापावा, फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं, असा परवाना देऊन मी मोकळा झालो.

आता पत्रिकेवर स्टेशन कापलेलं होतं आणि आई तेवढी उरली होती.

ती भयंकर चिडली. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं मी म्हणून पाहिलं. "मले नको वाढवून. तू त्याइले फोन लाव," ती म्हणाली. जिवंतपणी स्वर्गवासी म्हणून छापलेलं तिला पुसून हवं होतं.

पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचा नंबर होता. तिथला माणूस अगदी निवांत. "फुकट वापरा म्हनून लिहेल होतं साहेब." लिहिलेलं होतं खरंच. वडिलांचं नाव दिलं नाही यावरून मी त्याला झापून घेतलं, पण पत्रिका तर सगळ्या वाटून झाल्या होत्या. शेवटी त्याच्याकडून मुलीच्या बापाचा नंबर घेतला आणि आईला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. मी हक्क, परवाना, अटी असं ओळीने सांगत गेलो. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, पोरगी रांगत होती तवा तिची माय गेली. फोटो एक बी नाई. छापखान्यात म्हने, फोटो नसन त कमळ टाकू. पोरगी म्हने, मले कमळ नको, माय पाह्यजे. मंग त्यानं कॉम्प्युटरवर जुन्या फोटोतल्या बाया दाखवल्या. ह्या फोटोपाशी मीच थांबलो. अशीच बसे माही बायको. फोटो जुना दिसला, त मले वाटलं हे बाई बी गेली असन."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आईने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "लग्न कवा हाय, विचार त्याले," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मानोऱ्याला जाताना ती गाडीत काय बोलायचं ते घोकत होती. मी जिती आहे, हे पोरीला समोरासमोर सांगणार, असा तिचा हेका होता. भर मांडवात ही काय तमाशा करते या धास्तीने मला घाम फुटला होता.

मुलगी आतल्या खोलीत शालू नेसून बसली होती. बाप आम्हाला तिथे घेऊन गेला आणि चाचरत मुलीला म्हणाला, "बाई, ह्या त्या फोटोतल्या मावशी." मुलगी उठली. पाया पडेल असं वाटलं, पण नाही पडली. ती आईच्या अगदी जवळ आली आणि बघत राहिली. गालावरच्या सुरकुत्या, पांढरे केस, हनुवटी. इतकं निरखून मी स्वतः आईकडे कधी पाहिलेलं नाही. आई बोलायला तोंड उघडणार, तोच मुलगी म्हणाली, "फोटोतली माय त माह्याच वयाची हाय. म्हातारी झाली असती त कशी दिसली असती, ते मले कोनी सांगू शकत नोतं."

आई घोकलेलं काहीच बोलली नाही. तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मुलीसमोर चेहरा धरला.

"पाह्य माय," ती म्हणाली, "सावकाश पाह्य."