ढोलीचं भाडं

दिनांक ४ एप्रिल १९८३, सोमवार. रुपये नऊ हजार सातशे एक्कावन्न रोख मोजून अंजनाबाई रामटेके यांनी गडचिरोलीतलं लटारू भोयरांचं दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर विकत घेतलं. दस्तलेखकानं नेहमीची ओळ लिहिली, 'घराचा रिकामा ताबा आज रोजी दिला.' लटारूभाऊंनी सही केली, किल्ली तिच्या हातावर ठेवली.

अंजनाबाई सरकारी दवाखान्यात आया होती. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत राहिली, आणि दर महिन्याची पावती जपून ठेवली. जिल्हा झाल्यापासून गावात खोल्यांना सोन्याचे दिवस आले होते. तिचं वीस रुपयांचं भाडं एक कारकून साठावर न्यायला तयार होता, म्हणून मालकानं तिला तीस एप्रिलपर्यंत खोली सोडायला सांगितलं होतं. त्याआधी स्वतःच्या घरात शिरायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

संध्याकाळी लटारूभाऊंसोबत येऊन तिनं कुलूप उघडलं. पुढच्या खोलीत ढोली तशीच उभी! बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं लिंपलेली, माणसाहून उंच, धानानं गच्च भरलेली. घर पाहायला आली तेव्हाही ती तिथंच होती. पण धानाच्या मुलखात ढोली नसलेलं घर कोणी पाहिलंय? अंजनाबाईनं तिला भिंतीसारखंच धरलं होतं. भिंत आपली झाली, पण आतलं धान दुसऱ्याचं, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं.

"काऊन जी लटारूभाऊ, हे कायले ठेवलं?"

"घर विकलं बाई, धान नाई विकलं," लटारूभाऊ कानकोंडे होऊन म्हणाले. "मले वाटलं तुले माहीत आहे. पोराच्या क्वार्टरात एक पोतं मावत नाई. पोळ्यापर्यंत राहू दे ना."

"मंग ढोलीच उचलून न्या."

"कुठून नेऊ? माझ्या बापानं ती इथी बसूनच विणली. दारातून निंगत नाई ते."

तेवढ्यात लटारूभाऊंचा धाकटा भाऊ भैयाजी आला. घर वाटणीत लटारूभाऊंकडे गेलं होतं, पण धान दोघांचं सामाईक होतं. भैयाजीनं ढोलीवर थाप मारली.

"आमचं धान इथी, तं ताबा आमचा. कागदावर काही लिव्हा! घरपट्टीच्या वहीत तुमचं नाव चढू देणार नाई, अंजनाबाई."

"तुम्ही धान खाऊन राह्यले का घर?" अंजनाबाई म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. पै पै करून जमवलेला पैसा एका ढोलीपायी अडकला होता. पिकलेलं धान रस्त्यावर ओतायचं, हेही तिच्या मनाला पटेना.

उत्तर तिच्या पत्र्याच्या पेटीत होतं. सकाळी तिनं पावत्यांची चळत काढली, एकशे ब्याण्णव. सोळा वर्षं त्या खोलीत ती जेवली, झोपली, आजारी पडली, तरी खोली मालकाचीच राहिली. का? तर भाडं ती देत होती म्हणून.

ती दस्तलेखकाकडून दोन भाडेचिठ्ठ्या लिहवून आली. 'अंजनाबाईंच्या मालकीच्या व ताब्यातील घरात ढोली ठेवण्याचे भाडे, दरमहा प्रत्येकी एक पायली धान.' लटारूभाऊंनी वरवर वाचून सही केली आणि हसत म्हणाले, "आता मी तुझा किरायेदार का?"

"हो. आन् धान नेताना पाय पुसून येत जा."

भैयाजी सही करीना. तीन दिवस तो फिरकलाच नाही. चौथ्या दिवशी अंजनाबाई नव्या घरी आली असताना टोपलं घेऊन दारात हजर.

"घरी दाणा नाई. उघड."

"कागद."

"शेजारधर्म काही आहे का नाई?"

"आहे ना. म्हणून तं पायलीच मांगून राह्यली, खंडी नाई मांगितली."

आत ढोलीतून धान काढणाऱ्या लटारूभाऊंचं हसू ऐकू आलं. भैयाजीनं दात ओठ खाऊन सही केली.

अठ्ठावीस एप्रिलला अंजनाबाई सामान घेऊन आली. मागच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि चूल, पुढच्या खोलीत ढोली. मे महिन्यात घरपट्टीच्या कचेरीत भैयाजीनं हरकत घेतलीच. अंजनाबाईनं पुढं केलेली भैयाजीची भाडेचिठ्ठी कारकुनानं उलटूनपालटून पाहिली.

"सही तुमची?"

"माझीच."

"मग ताबा तुमचा, तर भाडं कोणाला देता?"

भैयाजी टोपी सारखी करत बाहेर पडला. वहीत अंजनाबाईचं नाव चढलं.

पोळ्याच्या आधी ढोली रिकामी झाली. लटारूभाऊंनी बापाची आठवण काढत ती स्वतः कापली. तट्ट्याचा धडका भाग अंजनाबाईनं अंगणाच्या कुडाला बांधला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही खोल्या एका दमात झाडल्या.

लटारूभाऊंचं भाडं पूर्ण मिळालं. भैयाजीकडून श्रावण महिन्याची एक पायली येणं बाकी आहे.