नंबर सातचा, माल पाचचा

गोल्फच्या मैदानावरचे किस्से झुडपात हरवलेल्या बॉलसारखे असतात. शोधायला जावं एक, सापडतात चार, आणि त्यातला आपला एकही नसतो! तरी आपण ते खिशात घालतोच. माझे खिसे असेच भरलेत.

आता तुम्ही म्हणाल, औरंगपुऱ्यात शाळांना लेझीम अन् कॅरम बोर्ड विकणाऱ्या माणसाचा गोल्फशी काय संबंध? संबंध धंद्याचा. वाळूजला कारखाने वाढले, परदेशी साहेब आले, आणि त्यातला एक माझ्या दुकानात येऊन गोल्फचे बॉल मागायला लागला. मी जन्मात गोल्फचा बॉल पाहिला नव्हता. "परवा या," म्हणालो. सोयगावच्या बाजारात वडिलांच्या शेजारी बसून मी एकच विद्या शिकलो होतो, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही.

माल पोचवता पोचवता खेळायलाही लागलो. दौलताबादच्या रस्त्याला, शहर जिथं संपायचं तिथं आमचं मैदान. आता शहर त्याच्याही पुढं गेलंय. आमची चौकडी अशी : भाऊराव जाधव, देशपांडेसाहेब, डॉक्टर सिद्दीकी आणि मी. भाऊराव जमीनवाले. अर्धी जमीन प्लॉटिंगमध्ये गेली आणि उरलेल्या अर्धीवर अख्ख्या शहराचा डोळा आहे, असा त्यांना कायम संशय. देशपांडेसाहेब धरणांच्या कामावरचे निवृत्त इंजिनिअर, त्यामुळं दुष्काळात त्यांना चिडवायला सोपं जायचं. डॉक्टर दातांचे. समोरचा हसला की आधी त्याच्या तोंडात बघतात, मग स्वतः हसतात.

सहाव्या होलला मधे नाला आहे. नुसते दगडगोटे. भाऊरावांनी ऐन उमेदीत तिथं एक कायदा केला होता. नाला सात नंबरच्या काठीनं, एका फटक्यात पार झाला पाहिजे. ज्याचा होणार नाही त्यानं पुढच्या, फटका सोपा व्हावा म्हणून नाल्याजवळ रोवलेल्या पांढऱ्या दगडावरून खेळायचं. पुढच्या दगडाची मंडळी वेगळी, त्यांची वेळ वेगळी, त्यांच्या गप्पा वेगळ्या. गुडघे आणि शुगर! आम्ही त्याला पेन्शनीचा दगड म्हणायचो. तिकडं गेलेला माणूस पुन्हा आमच्यात आलेला नाही.

भाऊराव आणि देशपांडे तरुणपणापासून एकत्र खेळत आलेले. एकानं दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी प्यायचं आणि वर "मचूळ आहे" म्हणायचं, अशी दोस्ती.

*

लोखंडी काठ्यांचं गणित सोपं आहे. नंबर मोठा तसं पातं जास्त कललेलं. बॉल उंच उडतो, जवळ पडतो. नंबर लहान तसं पातं उभं, बॉल लांब जातो. बस्स.

एकदा नवा सेट आला. खोक्यावर लिहिलेलं, सावकाश फटका मारणाऱ्यांसाठी. सात नंबर काढून मैदानावर मारून बघितला, तर बॉल गेला पाच नंबरच्या जागी! दुसरा कुणी खूश झाला असता. मी व्यापारी. माल जास्त भरला की मला आधी तराजूचा संशय येतो.

घरी पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, काठी ओट्यावर टेकवली आणि पातं मोजलं. सातचं पातं आमच्या जुन्या पाचइतकं उभं! बॉल तरीही वर उडावा म्हणून वजन तेवढं तळाला भरलेलं. म्हणजे नंबर सातचा, माल पाचचा.

पुरवठादाराला फोन लावला. "ही भेसळ आहे!"

तो शांतपणे म्हणाला, "शेठ, फटका कमी पडला तर म्हातारा माणूस पाच नंबर घ्यायला तयार असतो. पण शेजारच्यानं सात काढला की त्याची आबरू जाते. आपण आबरू विकतोय."

"आणि सगळेच नंबर असे लांब मारायला लागले, तर जवळच्या फटक्याला काय वापरायचं?"

"त्यासाठी एक जादा काठी वेगळी विकायची!"

मी फोनवरच त्याला हात जोडले.

*

पहिला सेट डॉक्टरांनी घेतला. ते दुष्काळाचे दिवस. मैदानाची जमीन तव्यासारखी तापून टणक झालेली. डॉक्टरांना फटक्याआधी चिमूटभर गवत वर सोडून वारा बघायची सवय. त्या वर्षी गवतच नव्हतं, तर गडी फुफाटा उडवायचा आणि मग डोळे चोळत बसायचा!

डॉक्टरांनी नवी काठी मारली. बॉल पडला आणि त्या टणक जमिनीवर सशासारखा पळत सुटला. थांबेचना. डॉक्टर हरखून गेले. "शेठ, ये लकडी नई, तोप है तोप!"

पुढं पाऊस झाला, जमीन मऊ पडली. आता बॉल पडायचा तिथंच रुतायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सेट घेऊन दुकानात हजर.

"शेठ, इसमें का करंट उतर गया."

"डॉक्टरसाहेब, करंट काठीत नव्हता, जमिनीत होता."

"हमकू नक्को सिखाव. तुमने माल बदला."

आता या माणसाला काय सांगणार? काठ्या ठेवून घेतल्या, फडक्यानं पुसल्या, आठवड्यानं परत केल्या. म्हटलं, "सर्व्हिसिंग केलंय. पण हा माल उन्हाळ्यातच चार्ज होतो."

एप्रिल उजाडला, जमीन पुन्हा टणक झाली. डॉक्टरांचा सकाळी सकाळी फोन. "हौ शेठ, चार्ज हो गया!"

*

त्याच दुष्काळातली गोष्ट. गावात टँकरच्या मागं घागरी पळत होत्या आणि आमच्या मैदानाच्या कडेला, नवव्या होलपाशी, एक हिरवागार पट्टा उगवला. भोकाभोवती असते ती ग्रीन, म्हणजे हिरवळ, आमच्याकडं कसली, तेल मारलेली वाळू. त्यात हा हिरवा तुकडा! सगळ्यांचा सगळ्यांवर संशय. भाऊराव म्हणाले, "कुणीतरी चोरून टँकर ओततंय." डॉक्टरांनी माळ्याकडं बघितलं, माळ्यानं वॉचमनकडं, आणि सगळ्यांनी मिळून देशपांडेसाहेबांकडं.

"माझ्याकडं काय बघता?"

"पाण्याचं खातं तुमचं होतं ना!"

देशपांडेसाहेब पेटले. म्हणाले, मी शोध लावतो. पुढचा रविवार त्यांनी चर खणत, उतार बघत काढला. घामाघूम होऊन आले आणि बाकावर बसले.

"पाणी कुणी चोरलेलं नाही. शेजारी नवीन अपार्टमेंट झालीय, तिचा सेप्टिक टँक फुटलाय."

आम्ही हुश्श केलं. एकटे देशपांडेसाहेब काळवंडले. जिभेवर अंगठा फिरवून बॉल पुसायची त्यांची जुनी सवय होती. तेव्हापासून ते खिशात रुमाल ठेवतात.

*

बजाजनगरचा कदम म्हणून एक सुपरवायझर. साहेबाची मर्जी राखायला गोल्फ शिकला आणि माझ्याकडून त्याच नव्या काठ्या घेऊन गेला. पंधरवड्यात तोंड पाडून परत.

"शेठ, लफडं झालं. साहेबानं पाच नंबर काढला, मी सात. माझा बॉल त्याच्या पुढं गेला! तवापासून साहेब माझं प्रॉडक्शनचं शीट लई बारकाईनं बघतोय."

"मग मी काय करू?"

"उलटी काठी द्या. वर पाच लिहिलेलं पायजे, पण जायला पायजे सातएवढीच."

अशी काठी कुठलीच कंपनी काढत नाही. पण भाऊरावांनी एकदा रागाच्या भरात एक जुना पाच नंबर दगडावर आपटला होता. पातं वाकून पार आडवं झालेलं. ती काठी माझ्याकडं धूळ खात पडली होती. दिली कदमला.

दिवाळीच्या आत गडी पेढे घेऊन आला. प्रमोशन! साहेब म्हणाले म्हणे, "कदमला स्वतःच्या मर्यादा कळतात."

*

मग भाऊरावांच्या छातीचं दुखणं निघालं. नळीत काहीतरी बसवलं, बरे झाले, मैदानावर आले. पण फटक्यातली ताकद गेली ती गेलीच. बॉल नाल्याच्या पलीकडच्या काठावर जेमतेम टेकायला लागला. एकदा तर आतच पडला. भाऊरावांनी तो बॉल हुडकून काढला, दुकानात आणला आणि लिंबासारखा दाबून दाखवला.

"शेठ, ह्यो डुप्लिकेट हाये."

"भाऊराव, सीलबंद डब्यातला आहे."

"मग डबा डुप्लिकेट हाये!"

ते गेले आणि मागोमाग देशपांडेसाहेब आले. रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून आत शिरले.

"शेठ, भाऊराव आता दगडावर जाईल. आणि एकदा गेला की घरी बसेल, मला माहितेय. त्याला तुमच्या त्या डॉक्टरवाल्या काठ्या द्या. पण माझं नाव नको. आणि म्हाताऱ्यांच्या आहेत हे तर मुळीच नको!"

"ते घेणार नाहीत. त्यांना बॅटरीवाल्या काठ्या म्हणतात ते."

"शेठ, तुम्ही व्यापारी का मी?"

मी नव्या मॉडेलचा सेट मागवला, खोक्यावरचं स्टिकर ओल्या फडक्यानं काढलं आणि काठ्या काउंटरवर मांडून ठेवल्या. भाऊराव आले. एक काठी उचलून तोलली.

"ह्या कसल्या?"

"राहू द्या, भाऊराव. तुमच्या कामाच्या नाहीत. मनगटात जोर लागतो. एका तरुण बिल्डरसाठी मागवल्यात."

भाऊरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या बांधावर खुंटी रोवली.

"बिल्डर? बांध गेले बिल्डिंगमधी अन्‌ काठ्याबी बिल्डरलाच? गाडीत ठेव."

रविवारी सात नंबर काढला. बॉल नाला ओलांडून चांगला पुढं गेला. भाऊराव छाती काढून म्हणाले, "बिल्डरला सांग, जोर विकत मिळत नसतो!"

देशपांडेसाहेब रुमालानं बॉल पुसत होते. उगीचच बराच वेळ पुसत होते.

*

शेवटचा किस्सा सांगतो आणि उठतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भर दुपारी भाऊराव दुकानात आले. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. गिऱ्हाईक कुणी नाही याची खात्री केली आणि टॉवेल सोडला. देशपांडेसाहेबांची जुनी सात नंबर!

"त्याची बॅग माझ्या गाडीत राहिली. म्हंजी मी राहू दिली. हिचं तोंड जरा उभं कर."

मी नुसता बघत राहिलो.

"बघतो काय? मागच्या टायमाला त्याचा बॉल काठाला टेकला अन् माघारी घरंगळला. येत्या खेपंला आत पडंल. त्यो जाईल दगडावर. मग मी काय ह्या डॉक्टरला दात दाखवत खेळू?"

"पण भाऊराव, पातं उभं केलं की लांब जातं, हे तुम्हाला कुणी..."

"शेठ," भाऊराव काउंटरवर वाकले, "उभी हयात मोजणीवाल्यांच्या मागं साखळी धरून फिरलो. कागदावर सात एकर अन् जागेवर पाच, हे मला कळत नाय व्हय?"

मी काठी हातात घेतली.

"देशपांड्याला बोलू नको. इंजिनिअर माणूस, लई संशयी."

जुनी, घडीव लोखंडाची काठी. पकडीत धरली, बेतानं वाकवली, टॉवेलात गुंडाळून दिली.

रविवारी आम्ही चौघं सहाव्या होलला. भाऊरावांनी मारला, नाला पार. मग देशपांडेसाहेब. त्यांनी बॉल ठेवला, पांढऱ्या दगडाकडं एकदा बघितलं आणि फटका मारला. बॉल खालून, सरळ, नाल्यावरून निघून गेला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा बॉल एवढा लांब गेलेला मी पाहिला नव्हता.



देशपांडेसाहेबांनी काठी उलटी केली. एक डोळा मिटून, दुर्बिणीतून धरणाची पातळी बघावी तसं पातं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. मग भाऊरावांकडं बघितलं. भाऊराव लांब दौलताबादच्या किल्ल्याकडं बघत होते, जणू आज पहिल्यांदाच दिसला.

"वारा होता," भाऊराव म्हणाले.

देशपांडेसाहेबांनी काठी हळूच बॅगेत सरकवली.

"होता. तुझ्या वेळेलाही होता."

"व्हय. होता की."

आणि दोघं नाला उतरायला लागले.

"कैसा वारा, मियाँ? कहाँ का वारा?" डॉक्टर मागून ओरडले. कुणी वळून बघितलं नाही. डॉक्टरांनी वाकून चिमूटभर वाळलेलं गवत उपटलं, हात डोक्याच्या वर नेला आणि सोडलं.

गवत सरळ खाली त्यांच्याच बुटावर पडलं.