पिठाचा फ्रीज

आमच्या केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आमच्या खोलीत, एक जुना फ्रीज आहे. नवरा त्यात बिअर बनवायचा. फ्रीजचा डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर फक्त गार करायचा आणि इथे जर्मनीत, आखनच्या हिवाळ्यात बिअरचं यीस्ट गारठून बसायचं. मग एका रविवारी ह्यानं तो कंट्रोलर उघडला, आत आणखी एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, सोल्डर केला आणि बिअरच्या डब्याखाली गरम होणारी मॅट टाकली. आता गार-गरम दोन्ही आपोआप. "बघ, अठरावर कसा चिकटून बसलाय!" असं म्हणत मला सारखा खाली ओढून न्यायचा. मला तर त्या बिअरचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही.

एकदा आम्ही असेच खाली असताना पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्यासमोर दारूचं नाव काढायची सोय नाही. मागचा डबा दिसला तशी त्यांनी विचारलंच, "अरे, हे काय?"

"इडलीचं पीठ, आई. इथे थंडीत फुगतच नाही."

"एवढं? पलटण जेवायची आहे का?"

"ऑफिसातले तुटून पडतात गं!"

मी हसू दाबत बाजूला झाले.

पुढच्याच हिवाळ्यात बिअर लावली आणि लगेच हा हॉस्पिटलमध्ये गेला. रोज फोनवर पहिला प्रश्न, "किती दाखवतोय?" मी खाली जाऊन बघायचे. "अठरा." "गेनाऊ, बरोब्बर! वर जाऊ देऊ नकोस, वाट लागेल. बाटल्या मी आल्यावर भरू." तो आलाच नाही. आकडा मात्र मी बघत राहिले. त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं, आणि ते मला नीट बाटल्यांत भरायचं होतं.

सासूबाई आल्या. त्याच्या ऑफिसातली माणसं भेटायला येणार कळल्यावर त्यांनी गुपचूप डाळ-तांदूळ वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केलरमध्ये गेले तर कंट्रोलरवर बत्तीस! डब्याला चिकटून पिठाचं पातेलं, आणि ते फुगावं म्हणून आकडा वाढवून ठेवलेला.

"अहो आई, काय केलंत हे!" मी ओरडलेच.

त्या मागून जिना उतरत होत्या. जागीच थबकल्या. "त्यानं पिठासाठीच केलं होतं ना गं? त्या लोकांना आवडतात म्हणून..."

सगळं जिभेवर आलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळलं. "हो. पिठासाठीच."

"मग त्या डब्यातलं जुनं ओतून टाक. आंबलंय, वास मारतोय."

मी ओतलं. नळ मोठा सोडून रडले.

दुपारी माणसं आली. इडली म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. तरी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या. निघताना ऑफिसात ह्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी मला हळूच जर्मनमध्ये म्हणाला, "त्याची शेवटची बिअर तयार असेल, तर आम्हा सगळ्यांना त्याच्या नावानं एक घोट घ्यायचा होता."

"काय हवंय गं त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून एक इडली, आई."

त्यांनी डोळे पुसले आणि त्याला दोन वाढल्या.